घुबडाच्या छापाचे नाणे



मराठीतील ‘दाम’ हा शब्द संस्कृतातील ‘द्रम्म’वरून आला आणि ‘द्रम्म’ ग्रीकांच्या ‘द्राख्मे’वरून. प्राचीन अथेन्सचे चार द्राख्म्यांचे चांदीचे नाणे सुमारे १७ ग्रॅम वजनाचे असे. त्याच्या एका बाजूस नगरदेवता अथीना, तर दुसऱ्या बाजूस घुबड आणि ऑलिव्हची डहाळी. मराठी मनाला अपशकुनी वाटणारे घुबड तेथे बुद्धीच्या देवतेचा पक्षी होते.

ही चांदी लॉरिऑनच्या खाणींतून येई. इ.स.पू. ४८३च्या सुमारास तेथे विपुल चांदी लागली. ती नागरिकांत वाटून घ्यावी, असा विचार पुढे आला. परंतु थेमिस्टोक्लीसने त्या धनातून युद्धनौका बांधण्यास नगराला राजी केले. इ.स.पू. ४८०मध्ये सालामिस येथे इराणी आरमाराचा पराभव झाला, तो याच नौकांच्या बळावर. मात्र खाणींच्या अंधाऱ्या बोगद्यांत राबणारे हात बहुतांशी गुलामांचे होते, हेही त्या वैभवासोबत सांगितलेच पाहिजे.

पुढे स्पार्टाशी चाललेल्या दीर्घ युद्धात चांदीचा ओघ आटला आणि अथेन्सवर तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली नाणी काढण्याची पाळी आली. नाटककार ॲरिस्टोफनीसने इ.स.पू. ४०५मध्ये ‘बेडूक’ या नाटकात त्यावर टीका केली: नगर जसे चोख नाणे टाकून हिणकस नाणे वापरते, तसेच सज्जनांना डावलून हलक्या माणसांना जवळ करते.

इ.स.पू. ३७५च्या सुमारास अथेन्सने एक कायदा केला. तो कोरलेली शिळा १९७०मध्ये तेथील प्राचीन बाजारपेठेच्या उत्खननात सापडली. बाजारात सराफांच्या मेजांजवळ एक सरकारी पारखी रोज बसे. अस्सल नाणे तो धन्यास परत देई. आत तांबे किंवा शिसे आढळले, तर नाणे तेथेच छेदून देवतेच्या स्वाधीन केले जाई. त्याने खरे ठरवलेले नाणे नाकारणाऱ्या व्यापाऱ्याचा त्या दिवसाचा माल जप्त होई. पारख्याने कर्तव्यात कसूर केली, तर त्याला पन्नास फटके बसत. आणि हा पारखी स्वतः नगराच्या मालकीचा गुलाम होता! ज्याला स्वातंत्र्य नव्हते, त्याच्याच शब्दावर साऱ्या बाजाराचा विश्वास उभा होता.

देवतेची मुद्रा असूनही नाणे पारखावे लागे, कारण मुद्रा बाहेरून उमटते. कस आत असतो. शाळेच्या प्रमाणपत्रावरील शिक्क्याचेही तसेच आहे. हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या या शाळेचे नाणे खणखणीत आहे की नाही, हे तिच्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या वागण्यातूनच जग पारखत असते.