ट्रकचे हेड घरी उतरवताना

खामगावच्या बाजारात कापसाचा हंगाम सुरू झाला, की आपल्या जिल्ह्यातील रस्त्यांवर जुन्या ट्रकांची वर्दळ वाढते. १८७० साली जलंबहून खामगावला आगगाडीची शाखा आली, ती मुख्यतः या कापसासाठीच. शेतातून जिनिंगपर्यंतचा माल तेव्हा बैलगाडीने जाई; आता तो ट्रकने जातो, आणि तो ट्रक पुष्कळदा दुसऱ्या नाही तर तिसऱ्या हाताने घेतलेला असतो. कर्ज काढून घेतलेली अशी गाडी ऐन मोसमात उभी राहिली, तरी बँकेचा हप्ता काही उभा राहत नाही.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. माझा धंदा मिस्त्रीचा नव्हे. परंतु सुट्टीत गावी गेलो, की मिस्त्रीच्या शेजारी बसून पाने देण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. तेव्हा आज बोलायचे आहे ते इंजिनाच्या वरच्या भागाविषयी. हे काम अंगणात कुठवर करता येते आणि कुठे थांबावे, एवढाच प्रश्न आहे. जुन्या, साध्या पंप-नोझलच्या डिझेल इंजिनांपुरतेच हे बोलणे आहे, बरे का. २०२० च्या एप्रिलपासूनच्या नव्या गाड्यांत सगळा कारभार इलेक्ट्रॉनिक आहे. त्यांच्या वाटेला अंगणात जाऊ नये.

आपल्याकडे जास्त दिसणारी गाडी म्हणजे १९८६ साली निघालेली टाटा ४०७. तिच्या इंजिनाला ४९७ म्हणतात, मोठ्या ट्रकच्या इंजिनाला ६९७. पहिला आकडा सिलिंडरांचा, पुढचे दोन सिलिंडरच्या व्यासाचे, मिलिमीटरमध्ये. शिक्षक मंडळींनी हे गणित मुलांना जरूर घालावे: व्यास ९७, पिस्टनची धाव १००, सिलिंडर चार, घनफळ किती? उत्तर २९५६ घन सेंटिमीटर येते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सुमारे सतरापट दाबली जाते, ती दाबानेच इतकी तापते, की नोझलमधून उडालेले डिझेल आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्गला हे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. म्हणजे सारा खेळ दाब कोंडून धरण्याचा. खालून पिस्टनच्या रिंगा तो धरतात, वरून व्हॉल्व आणि हेडचे गॅस्केट. दाब गेला, की गाडी सकाळी उठत नाही आणि घाटात चढत नाही.

म्हणून पाना हातात घेण्याआधी दाब कुठून जातो ते ओळखावे. इंजिन चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण काढा. तेथून धुराचे भपकारे येत असतील, तर दोष बहुधा रिंगा व लायनरचा आहे. अशा वेळी नुसते हेड करून खर्च वाया जातो. उलट झाकणाशी शांतता आहे, पण रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, पाणी रोज कमी होते, पांढरा धूर निघतो किंवा ऑइलच्या पट्टीवर ताकासारखा फेस दिसतो, तर बहुतेक वेळा गॅस्केट गेले आहे, नाही तर हेडला तडा आहे. रेडिएटरचे झाकण मात्र गाडी पूर्ण थंड झाल्यावरच उघडावे.

हेडही थंड इंजिनाचेच उतरवावे. गरम हेडचे नट सोडले तर ते वाकते. नट कडेकडून मध्याकडे, प्रत्येक थोडा थोडा असे सोडावेत. एका जाड पुठ्ठ्याला भोके पाडून त्यांवर आकडे घालावेत आणि पुशरॉड त्याच क्रमाने खोचून ठेवावेत, व्हॉल्वही तसेच. प्रत्येक भागाची आपल्या जागेशी घासून घासून ओळख झालेली असते, ती मोडू नये. हेड उचलायला दोन धडधाकट माणसे तरी हवीत, मोठ्या ट्रकला साखळीकप्पी.

काजळी खरवडताना पॉलिशपेपर पिस्टनवर वापरू नका. त्याची कचकच रिंगांत उतरली, की बरे असलेले इंजिन आजारी पडते. व्हॉल्व पेस्ट लावून सीटवर हाताने घासणे हे खरे अंगणातले काम. दोन्हीकडे सलग, करड्या रंगाचे कडे उमटले, की थांबावे. मग पेस्ट पूर्ण धुऊन, व्हॉल्व बसवून पोर्टमध्ये रॉकेल नाही तर डिझेल ओतावे. खालून पाझर दिसला, तर पुन्हा घासावे.

आणि येथे अंगण संपते. हेडवर पोलादी सरळपट्टी ठेवून, खाली फीलर गेज घालून वाक पाहता येतो. पण तडा आहे की नाही ते दाबाची तपासणी करणाऱ्या वर्कशॉपनेच सांगावे, आणि हेडचे तोंड घासायचे तेही तेथेच. नोझल पंपवाल्याकडे द्यावेत. ते घरी तपासताना फवाऱ्याखाली हात कधीही नेऊ नका. तो फवारा कातडी भेदून आत शिरतो आणि बोट गमावण्याची पाळी येते. काही मिस्त्री या तपासण्यांना वेळखाऊ म्हणतात. मला ते पटत नाही. स्वस्त गॅस्केट दोनदा बदलण्यापेक्षा एकदा वर्कशॉपचे बिल देणे परवडते.

नांदुरा तालुक्यात पूर्णाकाठच्या एका गावी माझ्या परिचयातील गाडीवाल्याचे असेच झाले. जुनी ४०७, गॅस्केट दोनदा बदलले, आणि दोन्ही वेळा थोड्याच महिन्यांत राजूर घाट चढताना ते पुन्हा गेले. मिस्त्रीला बोल लागला. तिसऱ्या वेळी रेडिएटर उतरवून पाहिले, तर निम्म्याहून अधिक नळ्या पांढऱ्या खड्यांनी बुजलेल्या. गाडीत पाणी कुठले? घरच्या विहिरीचे!

हा भाग खारपाणपट्ट्याचा. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि आपल्या बुलढाण्याच्या उत्तरेकडील तालुक्यांत, भूजल खारट आहे हे आपण जाणताच. चहाच्या भांड्याला जसा पांढरा थर बसतो, तसाच तो इंजिनाच्या आत बसतो, शिवाय क्षार लोखंड खातात. पाणी फिरत नाही, हेड तापते, वाकते, आणि गॅस्केट जळते. जळते गॅस्केट, गुन्हा पाण्याचा. रेडिएटर साफ करून त्यात तयार कूलंट भरल्यावर ती गाडी सुधारली.

आता इंजिन बांधणे. हेडच्या नटांची भोके आतून कोरडी करा. तळाशी तेल किंवा पाणी साचले असता नट आवळताना ब्लॉक फुटू शकतो. गॅस्केटची बाजू पाहून ठेवा. नट मध्यापासून बाहेर, तीन हप्त्यांत, टॉर्क पान्याने आवळावेत. किती, तो आकडा आपल्या इंजिनाच्या पुस्तकातूनच घ्यावा, दुसऱ्या गाडीचा चालत नाही. टॉर्क पाना नसेल तर मागून आणावा, पण अंदाजाने हात मारू नये. टॅपेटची फट फीलर गेजने, पुस्तकात सांगितलेल्या स्थितीत लावावी. ऑइल व फिल्टर बदलावा, आणि जुने ऑइल नाल्यात सोडू नये.

डिझेल लाइनमधील हवा काढून गाडी सुरू करावी. पहिल्याच मिनिटात रॉकरवर ऑइल पोचते की नाही ते पाहावे. नसेल पोचत तर ताबडतोब बंद करावी. मग काटा नेहमीच्या खुणेवर येईपर्यंत उभ्यानेच चालवून गळती पाहावी. पहिली खेप सपाटीवरची असावी, मलकापूर-नांदुरा अशी, आणि अर्ध्या मालाची. गाडी रात्रभर थंड झाली, की सकाळी पाण्याची पातळी व ऑइलची पट्टी पाहावी, आणि पुस्तकात सांगितले असेल तर नट पुन्हा तपासावेत. दोन्ही जागच्या जागी असतील, तर पुढच्या खेपेला राजूर घाट.