विसरलेली रेषा



शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिलेली पुष्कळ मंडळी आज शाळांत, कार्यालयांत आणि पंचायतींत काम करीत आहेत. दहावी आटोपली की रंगपेटी माळ्यावर जाते आणि पुढे वीस-पंचवीस वर्षे पेन्सिलीचा उपयोग केवळ आकडेमोडीपुरता उरतो. मग एखाद्या दिवशी वर्गात फळ्यावर बैलगाडी काढण्याचा प्रसंग येतो आणि गुरुजी खडू खाली ठेवून म्हणतात, "आता चित्र काढता येत नाही." हे उद्गार प्रामाणिक असले तरी अचूक नसतात. कला गेलेली नसते. सवय मोडलेली असते. मोडलेली सवय पुन्हा जोडता येते.

सवयीचे हे माहात्म्य जालना जिल्ह्याला नवे नाही. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली जन्मलेल्या समर्थांनी 'दासबोधा'च्या १९व्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेला वाहिला आहे. अक्षर घोटून घोटून सुंदर करावे, ते वाटोळे व मोकळे असावे, आणि संपूर्ण ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा, असा त्याचा आशय आहे. परमार्थाचा मार्ग सांगणाऱ्या ग्रंथाने शाई, बरू आणि चाकू यांचीही विचारपूस केली आहे. हाताला वळण लावणे हे समर्थांनी कमी दर्जाचे काम मानले नाही. अक्षर हीसुद्धा अखेर रेषाच होय.

परंतु एकदा तुटलेले काम उतारवयात पुन्हा हाती घेता येते काय? याचे उत्तर भोकरदन तालुक्याची सीमा ओलांडून सिल्लोडच्या पुढे गेल्यावर, शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठ्याच्या लेण्यांत मिळते. मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांची १८४४ साली तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. ना. धों. महानोर यांच्या 'अजिंठा' या काव्यामुळे हे नाव मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. जवळजवळ दोन दशके गिल यांनी अंधाऱ्या लेण्यांत बसून ती चित्रे उतरविली. त्या प्रतिकृती इंग्लंडला रवाना झाल्या आणि सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे आग लागली व त्यांतील बहुतेक सर्व भस्मसात झाल्या. गिल यांनी तेव्हा वयाची साठी ओलांडली होती. त्यांनी कॅमेरा व चित्रणाचे साहित्य मागविले आणि पुन्हा आरंभ केला. १८७९ साली त्यांचे निधन झाले. जे जळाले ते कापडावरचे होते; डोळ्याला व हाताला लागलेली शिस्त जळाली नव्हती.

सर्वांनाच गिल व्हावयाचे नाही. दररोज पंधरा मिनिटे मात्र प्रत्येकाला काढता येतील. साधी वही आणि एक पेन्सिल एवढे भांडवल पुरेसे आहे. वेळ ठरलेली असावी; सकाळचा चहा झाल्यावर किंवा दिवेलागणीला. विषय हाताशी असावा. जालन्याचीच मोसंबी समोर ठेवावी. पहिल्या दिवशी कागदावर नुसते वर्तुळ उमटते. चौथ्या-पाचव्या दिवशी तिचा किंचित चपटा माथा आणि देठाजवळचा खळगा दिसू लागतो. पुढे तिची सावलीही चित्रात येते. मोसंबी तीच असते. पाहणारा बदललेला असतो. रबर दूर ठेवावे, पान फाडू नये आणि प्रत्येक चित्राखाली तारीख घालावी. एखादा दिवस चुकला तर खंत न करता दुसऱ्या दिवशी वही उघडावी. सुरुवातीची चित्रे बिघडणारच. शाळेतील जुन्या चित्रांशी त्यांची तुलना करून मन खट्टू होते आणि पुष्कळांचा निश्चय येथेच ढळतो. तुलना करावयाचीच तर ती महिन्यापूर्वीच्या पानाशी करावी.

हा केवळ फावल्या वेळेचा छंद नव्हे. शिक्षकाने फळ्यावर कापसाचे बोंड काढले, तर मुलाला पाठ अधिक लवकर उमगतो. आणि मोठ्या माणसाची चुकलेली रेषा दुरुस्त होताना पाहिली, तर चुकण्याची त्याची भीतीही जाते. शिवारफेरीहून परतलेल्या पंचायत सदस्याने ओढा, बांध, विहीर आणि पाणंद कागदावर रेखाटून दाखविली, तर ज्याला अक्षरओळख नाही तोही ग्रामसभेत त्या चित्रावर बोट ठेवून बोलू शकतो: बंधारा येथे नको, तेथे हवा. टंचाईच्या या मुलखात अशा एका रेघेला मोल आहे.

माळ्यावरची रंगपेटी आज उतरवली नाही तरी चालेल; रंग बहुधा वाळलेलेच असतील. उद्या सकाळी वहीचे एक कोरे पान उघडावे, वर तारीख लिहावी आणि समोरचा तांब्या काढावयास घ्यावा. तो वाकडा आला तरी चालेल. परवा पुन्हा काढावयाचाच आहे.