युद्धाच्या मदतीचा कागद कोणाच्या हातीं?

(गांवच्या वाचनवर्गाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आम्ही खेड्यांतील शाळेचे मास्तर. आमचें शिकणें मराठी ट्रेनिंग कॉलेजांत झालें आणि आमचें आयुष्य मुलांचे पाढे ऐकण्यांत चाललें आहे. अशा माणसास तुम्हीं परक्या देशाच्या लढाईवर बोलावयास उभें केलें आहे. युक्रेन कोठें आणि आपलें शिवार कोठें, असें कोणी विचारील. पण फेब्रुवारी २०२२ मध्यें रशियानें त्या देशावर स्वारी केली, तेव्हां आपल्या वाण्याच्या दुकानांत सूर्यफुलाचें तेल महागलें, आणि तिकडे डॉक्टरी शिकावयास गेलेलीं आपल्या राज्यांतील मुलें जीव मुठींत धरून घरीं परतलीं. तेव्हां हा विषय आपल्या उंबरठ्याबाहेरचा नाहीं.

विषयाकडे वळण्यापूर्वीं एक घरची गोष्ट सांगतों. एका वर्षीं आमच्या शाळेचें छप्पर गळूं लागलें. आम्हीं उन्हाळ्यांतच अर्ज दिला. गांवांत एकहि माणूस छपराच्या विरुद्ध नव्हता. ज्याला विचारावें तो म्हणे, "मास्तर, मुलें आमचींच ना? सभेंत विषय येऊं द्या, आम्ही हात वर करतों." पण विषय सभेंत येईच ना! विषयपत्रिका ज्यांच्या हातीं होती, त्यांचें दुसऱ्याच कामावरून कोणाशीं तरी बिनसलें होतें. तें मिटेपर्यंत आमचा अर्ज फडताळांत पडून राहिला. मृग गेला, आर्द्रा गेल्या, मुलें भिजत बसलीं. अखेर विषय सभेपुढें आला आणि एका घटकेंत मंजूर झाला. त्या दिवशीं आम्हांस आनंद झाला नाहीं, लाज वाटली. जें काम एका घटकेचें, त्यासाठीं मुलांनीं अर्धा पावसाळा अंगावर घेतला.

ही गोष्ट ध्यानांत ठेवा आणि आतां अमेरिकेकडे चला.

युक्रेन रशियाशीं लढतो तो आपल्या माणसांच्या बळावर. पण तोफेचे गोळे आणि आकाशांतून येणारीं अस्त्रें पाडण्याचीं साधनें त्यास मोठ्या प्रमाणावर अमेरिकेकडून व युरोपांतून मिळत आलीं. अमेरिकेची घटना अशी कीं, तिजोरींतून पैसा काढावयाचा तर कायदेमंडळाची मंजुरी लागते. अध्यक्ष कितीहि बलाढ्य असो, त्याला मागणी करावी लागते. ही व्यवस्था चांगली आहे. रयतेचा पैसा रयतेच्या प्रतिनिधींना विचारल्यावांचून खर्चूं नये, हेंच तर आपणहि मागत आलों.

२० ऑक्टोबर २०२३ रोजीं अध्यक्ष बायडन यांनीं सुमारें १०६ अब्ज डॉलरांची मागणी कायदेमंडळापुढें ठेवली; पैकीं युक्रेनसाठीं सुमारें ६१ अब्ज होते. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी. रिपब्लिकन पक्षाचे सभासद म्हणाले, "परक्याची वेस राखण्यापूर्वीं आपली दक्षिणेकडील सरहद्द राखा." मागणी गैर नव्हती. मग सेनेटांत दोन्ही पक्षांच्या मंडळींनीं दोन-तीन महिने बसून सरहद्दीचा एक मसुदा केला. तो ४ फेब्रुवारी २०२४ रोजीं बाहेर आला. पुन्हां अध्यक्षपदाच्या निवडणुकीस उभे असलेले ट्रंप यांनीं त्यास विरोध केला, आणि तीन दिवसांत तो मसुदा सेनेटांतच पडला. ज्यांनीं अट घातली होती त्यांतल्याच बहुतेकांनीं अट पुरी होतांना पाठ फिरविली! निवडणुकीच्या वर्षांत भांडण मिटण्यापेक्षां भांडण जिवंत राहणें कित्येकांस अधिक फायद्याचें असतें, हें आपणांस नव्यानें सांगावयास नको.

तेव्हां सेनेटानें सरहद्दीचा भाग वगळून मदतीचें बिल १३ फेब्रुवारीस ७० विरुद्ध २९ मतांनीं मंजूर केलें आणि तें प्रतिनिधिसभेकडे गेलें. तेथें आमच्या छपराच्या अर्जाचीच गत झाली. प्रतिनिधिसभेंत या मदतीस बहुमत होतें. पुढें मतदान झालें तेव्हां तें उघड दिसलें. पण मत देण्यासाठीं कागद मेजावर यावा लागतो, आणि तो आणणें न आणणें सभापतीच्या हातीं असतें. सभापति माइक जॉन्सन यांनीं तें बिल पुढें आणलेंच नाहीं.

कां आणलें नाहीं? त्यांची खुर्ची डळमळीत होती. त्यांच्या आधींचे सभापति मॅकार्थी यांना ३ ऑक्टोबर २०२३ रोजीं २१६ विरुद्ध २१० मतांनीं काढून टाकण्यांत आलें होतें, आणि तें त्यांच्याच पक्षांतील आठ जणांच्या हातून. जॉन्सन यांच्यावरहि त्यांच्याच पक्षाच्या मार्जरी टेलर ग्रीन या प्रतिनिधी बाईंनीं मार्चमध्यें पदच्युतीचा ठराव दाखल करून ठेवला. म्हणजे लढाई चालली होती युक्रेनांत आणि भीति होती वॉशिंग्टनच्या खुर्चीची.

इकडे कागद थांबला होता, तिकडे शत्रु थांबला नव्हता. सेनेटाच्या मतदानानंतर चौथ्या दिवशीं, १७ फेब्रुवारीस, युक्रेनच्या फौजेनें अवदीव्का हें शहर सोडलें. तें केवळ गोळ्यांच्या टंचाईनें पडलें असें आम्ही म्हणत नाहीं. माणसांची उणीव होती, विमानांतून पडणाऱ्या जड बॉम्बांचा माराहि होता. पण ज्या तोफखान्याला गोळे मोजून उडवावे लागतात, त्याच्या मागें उभ्या असलेल्या शिपायाची दशा काय होते, हें सांगावयास सेनापति कशाला पाहिजे? तरी सेनापतीनेंहि तें सांगितलें. युरोपांतील अमेरिकन फौजांचे प्रमुख जनरल कॅव्होली यांनीं एप्रिल २०२४ मध्यें कायदेमंडळापुढें साक्ष दिली कीं, युक्रेनच्या एका गोळ्यास रशिया पांच गोळे उडवीत आहे, आणि मदत न आली तर थोड्याच आठवड्यांत हें प्रमाण एकास दहा होईल. पाढे शिकविणाऱ्या मास्तराला हा हिशेब फार भयंकर वाटतो. वर्गांत एकास दहा म्हणजे फळ्यावरचें उदाहरण. खंदकांत एकास दहा म्हणजे कोणाचा तरी मुलगा.

शेवटीं जॉन्सन यांनीं मन बदललें. त्यांनीं वेगवेगळीं बिलें करून तीं मतास टाकलीं. त्यांच्याच पक्षांतील मंडळी वाट अडवून बसली, तेव्हां विरोधी डेमोक्रॅटिक पक्षानें वाट मोकळी केली. २० एप्रिल २०२४ रोजीं युक्रेनचें बिल ३११ विरुद्ध ११२ मतांनीं पास झालें. विरुद्ध पडलेलीं तीं ११२ मतें सगळीं सभापतींच्याच पक्षाचीं होतीं. त्या पक्षाचीं अनुकूल मतें १०१ होतीं. २३ तारखेस सेनेटानें ७९ विरुद्ध १८ मतांनीं मान्यता दिली, २४ तारखेस अध्यक्षांची सही झाली. मागणीपासून सहीपर्यंत सहा महिने. आणि कागद एकदां मेजावर आल्यावर पांच दिवसहि लागले नाहींत! पुढें ८ मे रोजीं सभापतींना काढण्याचा ठराव आला, तो ३५९ विरुद्ध ४३ मतांनीं बाजूस सारण्यांत आला. ज्या भीतीपायीं कागद दाबून ठेवला, ती भीति अशी पोकळ निघाली.

बंधूंनो, आम्ही मदतीच्या विरोधकांस दुष्ट म्हणत नाहीं. आपल्या देशावर कर्ज असतां दुसऱ्यास किती द्यावें? दिलेल्या मालाचा हिशेब कोण ठेवणार? ही लढाई संपणार केव्हां? हे प्रश्न विचारणें हा प्रतिनिधीचा हक्कच नव्हे, तें त्याचें काम आहे. उलट मदतीचे कैवारीहि पुष्कळदां अर्धेंच सांगतात. त्या ६१ अब्जांपैकीं सुमारें २३ अब्ज अमेरिकेचीं स्वतःचीं रिकामीं झालेलीं कोठारें भरण्यासाठीं होते. सुमारें १४ अब्ज युक्रेनसाठीं नवीं शस्त्रें खरेदण्यास होते. आणि युक्रेनच्या सरकारास मिळावयाचे सुमारें १० अब्ज कर्ज म्हणून लिहिले होते. म्हणजे बराच पैसा अमेरिकेच्याच कारखान्यांत फिरावयाचा होता. हें निव्वळ दान नव्हे. आणि "आमचा पैसा सगळा परदेशीं गेला" हीहि खरी गोष्ट नव्हे. जनतेला दोन्ही बाजू सांगाव्या आणि मग मत घ्यावें. पण प्रश्न विचारणें निराळें आणि कागद दाबून ठेवणें निराळें. प्रश्न विचारणाऱ्यास उत्तर देतां येतें; फडताळाला उत्तर कोण देणार?

हें काम नीट कसें होतें त्याचाहि दाखला त्याच देशांत आहे. १९४० सालीं इंग्लंड जर्मनीशीं एकटें झुंजत होतें आणि माल घेण्यास त्याच्याजवळचे डॉलर संपत आले होते. १७ डिसेंबर १९४० रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं वर्तमानपत्रकारांस शेजाऱ्याच्या घराला लागलेल्या आगीचा दृष्टान्त दिला. अशा वेळीं आपली पाण्याची नळी देतांना तिची किंमत मागूं नये, आग विझली कीं नळी परत घ्यावी, असा त्यांचा भाव होता. त्यांचें उसनवारीचें बिल १० जानेवारी १९४१ रोजीं कायदेमंडळांत आलें. विरोध कडवा झाला. आपल्या मुलांना परक्या रणांत लोटण्याची ही पहिली पायरी आहे, असें विरोधक गर्जून म्हणाले, आणि त्यांचें म्हणणें सगळ्या देशानें ऐकलें. प्रतिनिधिसभेंत २६० विरुद्ध १६५, सेनेटांत ६० विरुद्ध ३१. ११ मार्चला सही झाली. दोन महिन्यांत वाद झाला, मतें पडलीं, निकाल लागला. ज्यांनीं नाहीं म्हटलें त्यांचीं नांवें आजहि कागदावर आहेत. नाहीं म्हणावयाचें तर असें उजेडांत म्हणावें.

आणि आपलें काय झालें होतें? ३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांनीं हिंदुस्थान युद्धांत सामील झाल्याचें जाहीर केलें. कोणत्याहि कायदेमंडळास विचारलें नाहीं. त्याचा निषेध म्हणून प्रांतांतील काँग्रेस मंत्रिमंडळांनीं राजीनामे दिले. पण युद्ध थांबलें नाहीं आणि भरतीहि थांबली नाहीं. सुमारें पंचवीस लाख हिंदी शिपाई त्या युद्धांत लढले. मराठा पलटणीचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजीं इटलींत पडले. त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो मरणानंतर. त्यांच्या शौर्यापुढें आम्ही मस्तक नमवितों. पण ज्यांच्या घरचा माणूस गेला, त्यांच्या प्रतिनिधीस कोणी एका शब्दानें विचारलें होतें काय? तेथें कागद दाबला नव्हता. तेथें आपल्यासाठीं कागदच नव्हता.

आणखी एक गोष्ट सांगून पुरें करतों. मंजुरी झाली म्हणजे माल पोंचला असें समजूं नका. ट्रंप पुन्हां अध्यक्ष झाल्यावर मार्च २०२५ च्या आरंभीं कायदेमंडळानें मंजूर केलेल्या मदतीची पाठवणी त्यांनीं आठवडाभर थोपविली. ११ मार्चला बोलणीं झाल्यावर ती पुन्हां चालू झाली. एक किल्ली सभापतीच्या कनवटीला, तर दुसरी अध्यक्षाच्या. रणांतल्या शिपायाला या दोन्ही किल्ल्यांची वाट पाहावी लागते.

म्हणून आमचें सांगणें एवढेंच आहे. कोणत्याहि मंजुरीची बातमी वाचाल तेव्हां किती मतें पडलीं एवढ्यावरच थांबूं नका. तो कागद किती दिवस कोणाजवळ होता, त्यानें तो कां ठेवला, आणि त्या दिवसांची किंमत कोणीं भरली, हें विचारा. मत देण्याचा हक्क मोठ्या कष्टानें मिळतो. पण मतास काय टाकावयाचें हें ठरविण्याचा हक्क दुसऱ्याच्या मुठींत राहिला, तर हात वर करणारे शेंकडों आणि कारभार एकाचा, असें होतें. हें अमेरिकेसारख्या श्रीमंत आणि शिकलेल्या देशांत होतें, तर आपल्या गांवांत होणार नाहीं काय?

पुढील ग्रामसभेस जाल तेव्हां विषयपत्रिका आधीं मागून वाचा. आपला अर्ज तींत नसेल तर कां नाहीं म्हणून उभें राहून विचारा. छप्पर शाळेचें असो कीं संकटांत सांपडलेल्या देशाचें, पाऊस कोणाच्या सोयीसाठीं थांबत नाहीं.