इंजिनाचे हेड : सांधावे की बदलावे?

कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला इंजिनाच्या हेडाशी काय कर्तव्य, असे आपल्यापैकी कुणी मनात म्हणत असेल. कर्तव्य असे, की गावाकडे आमची थोडी शेती आहे, ती थोरले बंधू पाहतात. विहिरीवर विजेची मोटर आहे. पण वीज ऐन वेळी दगा देते म्हणून जुने डिझेल इंजिनही ठेवले आहे. २०१४ सालच्या फेब्रुवारीत त्याच इंजिनाचे हेड तडकले आणि आमचा गहू दाणा भरण्याच्या वेळी एका पाळीला मुकला. त्या वेळी जे चुकलो, ते आज आपणांस सांगतो.

हेड म्हणजे सिलिंडरवरचे बिडाचे जड झाकण. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा सोळा-सतरा पटींनी दाबतो, ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि तिच्यात डिझेलचा फवारा पेट घेतो. हा सगळा दाब आणि धग झाकणाच्या खालच्या तोंडावर येते. आणि त्याच झाकणाच्या पोटातून गार पाणी फिरत असते. पुष्कळ ठिकाणी हे पाणी पंपाच्याच पाइपातून घेतलेले असते. म्हणजे विहिरीचे पाणी खाली गेले, पंपाने पाणी सोडले, की इंजिनही कोरडे पडते आणि तापत राहते. आमचे तसेच झाले. दादांनी घाईघाईने तापल्या हेडावर बादलीभर गार पाणी ओतले, आणि टच्‌ असा आवाज आला. बीड ताणाला फार कच्चे असते. ते वाकत नाही, फुटते. तापले असेल तर इंजिन बंद करून निवू द्यावे. तासभर जाईल, पण हेड वाचेल.

आता हेड खराब झाले हे ओळखायचे कसे? इंजिन सुरू व्हायला कुरकुरते, दाब धरीत नाही, बाहेर पडणाऱ्या पाण्यात बुडबुडे येतात, किंवा खालचे तेल ताकासारखे पांढरट होते. पण थांबा. यातले पुष्कळसे गॅस्केट जळाले तरी होते. गॅस्केट हेडाच्या मानाने स्वस्त. म्हणून हेडाला दोष देण्यापूर्वी ते उलटून नीट पाहा. हेड उतरवायचे तेही इंजिन पुरते थंड झाल्यावर, आणि नट थोडे थोडे, समोरासमोरचे सैल करून.

तडा शोधायची एक युक्ती शिक्षकांच्या हातातली आहे. हेड स्वच्छ घासून संशयाच्या जागी रॉकेल लावावे, न मिळाले तर डिझेल. अर्ध्या तासाने कोरडे पुसून वर खडूची पूड चोळावी. तडा असेल तर आत मुरलेले तेल वर येते आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. विज्ञानाच्या तासाला मुलांना अवश्य दाखवा, केशाकर्षणाचा धडा त्यांच्या कायम लक्षात राहील. हेड वाकले आहे का, हे सरळ पोलादी पट्टी तोंडावर आडवी, उभी, तिरपी ठेवून खालून फीलर गेजची पाती सारून कळते. किती फट चालते ते कंपनीच्या पुस्तकात असते.

नुसते वाकले असेल तर बदलू नका, ग्राइंडिंग करून घ्या. मात्र जेवढे घासले तेवढे व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. म्हणून सीटही तेवढ्याच खोल कराव्या लागतात. मिस्त्रीला हे विचारा. तो गडबडला तर दुसरा मिस्त्री गाठा.

तड्याचे मात्र जागेवर अवलंबून. बाहेरच्या अंगाला, नुसत्या पाण्याच्या कप्प्यावर असेल तर खुशाल सांधावे. तिथे आगीचा दाब नसतो. पितळेने झाळता येते. किंवा तड्यावर ओळीने भोके पाडून आटे पाडतात आणि एकमेकांत अडकणारे स्क्रू बसवतात, कापडाला टाके घालावेत तसे. यात उष्णता लागत नाही, म्हणून हेड वाकण्याची भीती नाही. पण तडा दोन व्हॉल्व्हच्या मधोमध असेल आणि पाण्यापर्यंत गेला असेल, तर माझे मत स्पष्ट आहे : हेड बदला.

आम्ही नेमके उलटे केले. नव्या हेडाची किंमत ऐकून दादा म्हणाले, “एवढ्यात दोन पोती खत येईल रे.” मीही मान डोलावली. रस्त्याकडेच्या एका दुकानात थंड हेडावरच वेल्डिंग मारून घेतले. खरे तर बीड भट्टीत सावकाश लाल होईस्तोवर तापवून, जोडून, मग राखेत हळूहळू निववावे लागते. नाहीतर जोडाच्या शेजारीच नवा तडा जातो. आमचा चौथ्या दिवशी गेला. शेवटी नवे हेड घेतलेच. वेल्डिंगचे पैसे गेले, पाळी हुकली, आणि त्या वर्षी गव्हाचा दाणा चिमटा राहिला.

अर्थशास्त्राचा मास्तर असून मी हिशेब चुकलो होतो. दुरुस्तीच्या रकमेत पिकाचे नुकसान, दोनदा गॅस्केट, तालुक्याच्या फेऱ्या, हे सारे धरायचे असते. एवढे धरून खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल तर मी तरी नवेच घेईन. मोडबाजारातले जुने हेड स्वस्त दिसते, पण त्यालाही आधी खडू लावून बघा.

नवे हेड बसवताना नट मधून बाहेर, समोरासमोर, तीन-चार फेऱ्यांत आवळावेत. पाणी मिसळलेले तेल पूर्ण काढून नवे भरावे. आणि हँडल मारण्यापूर्वी विहिरीत पाणी किती आहे ते वाकून पाहावे; आमचे इंजिन तापले ते तिथूनच.