वीज जाते तेव्हा संगणकाचं काय?

किनवट तालुक्यातल्या इस्लापूरसारख्या गावात दाखल्यांसाठी रांग लागलेली असावी, अर्ज निम्मा भरून व्हावा आणि नेमकी वीज जावी, याचा त्रास भोगणाऱ्यालाच कळतो. पण दोष दर वेळी बाहेरच्या तारांचा नसतो.

६ अँपिअरचा साधा सॉकेट २३० व्होल्टवर जेमतेम १,३८० वॅट पेलतो. संगणकाला १००-१५० वॅट पुरतात. लेझर प्रिंटर मात्र छपाईआधी आतला रोलर तापवतो, तेव्हा काही क्षण हजार वॅटच्या आसपास वीज ओढू शकतो. त्याच एक्स्टेंशन बोर्डावर चहाची किटली लावली, की जादा भाराने वीज तोडणारा एमसीबी पडायला वेळ लागत नाही. मग कुणीतरी जास्त अँपिअरचा एमसीबी बसवतो. हे फार घातक! भिंतीतली वायर तीच राहते आणि तीच तापून पेट घेते.

लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसला जोडूच नका. वीज गेल्यावर यूपीएसवर मिळणारी १०-१५ मिनिटं फाइल सेव्ह करून संगणक रीतसर बंद करण्यासाठी असतात. वीज आल्यावरही दाब स्थिर होऊ द्या, मग एकेक यंत्र सुरू करा. पुरवठ्याचीच तक्रार असेल, तर महावितरणचा क्रमांक आहे १९१२.