दगड वेचणाऱ्यांचें मित्रमंडळ

आपल्याकडील पुष्कळ घरांत देवघरांतील संपुष्टांत एक शाळिग्राम जपून ठेवलेला असतो. गंडकी नदीच्या पात्रांत सांपडणारा तो काळा, गुळगुळीत गोटा. त्याच्या पोटांत चक्राकार वेटोळें दिसतें आणि तें विष्णूचें चक्र मानून त्यावर नित्य तुळस वाहिली जाते. भूस्तरशास्त्रज्ञाला तोच गोटा दाखविला तर तो म्हणेल कीं, हा एका जलचराच्या कवचाचा ठसा आहे. कोट्यवधि वर्षांपूर्वीं जेथें समुद्र होता तेथें हा प्राणी पोहत होता, आणि मागाहून तेथें हिमालय उभा राहिला. श्रद्धा आणि शास्त्र यांचें भांडण येथें उकरून काढावयाचें नाहीं. या प्राण्याला अमोनाइट असें नांव आहे, आणि इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस म्हणून जें लहानसें गांव आहे तेथें दोनशें वर्षांपूर्वीं त्याच प्राण्याचे वेटोळे दगड 'सर्पशिला' या नांवानें घरापुढें टेबलावर मांडून प्रवाशांना विकीत असत. तसे दगड विकणाऱ्या एका सुताराच्या मुलीभोंवतीं जें मित्रमंडळ जमलें त्याची ही हकीकत आहे.

लाइमचे कडे चिकणमाती व चुनखडी यांच्या एकावर एक चढलेल्या थरांचे आहेत. हे थर सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीं समुद्राच्या तळाशीं सांचले. पावसाळी हवेंत माती भिजते, फुगते आणि कड्याचा कडा खालीं घसरतो. समुद्राच्या लाटा ती माती धुऊन नेतात व आंतील अश्मीभूत हाडें उघडीं पडतात. परंतु त्याच लाटा दोन-चार भरत्यांमध्यें तीं हाडेंही फोडून नेतात. म्हणून शोध करावयाचा तो भर हिवाळ्यांत, वादळ ओसरतांच, आणखी दरड कोसळण्याचा संभव असतांनाच करावा लागतो. हौशी पाहुणे उन्हाळ्यांत येत. हिवाळ्यांत किनाऱ्यावर दिसत तीं पोटासाठीं आलेलीं माणसें.

मेरी ॲनिंगचा जन्म १७९९ सालचा. बाप रिचर्ड हा लांकडी सामान करणारा कारागीर. फावल्या वेळीं मुलांना घेऊन तो किनाऱ्यावर दगड वेचावयास जाई. तो १८१० सालीं वारला आणि मागें कर्ज ठेवून गेला. पुढच्याच वर्षीं थोरला मुलगा जोसेफ याला कड्यांत एक प्रचंड कवटी सांपडली. धड सांपडेना. तें बारा-तेरा वर्षांच्या मेरीनें १८१२ सालीं शोधून काढलें. हाच तो इक्थिओसॉर नांवाचा, माशासारखा दिसणारा परंतु सरड्याच्या वर्गांतील जलचर. जवळच्या एका जमीनदारानें तो तेवीस पौंडांना घेतला. पुढें लंडनच्या प्रदर्शनांत लोकांची झुंबड उडाली आणि विद्वानांचे लक्ष प्रथमच या किनाऱ्याकडे वळलें. ज्या घरांतून तो गेला त्या घरची चूल मात्र पूर्वीप्रमाणेंच कधीं पेटे, कधीं न पेटे. शोध हा कांहीं पगार नव्हे. एखादा सांगाडा मिळे, मग महिनोन् महिने कांहींच मिळत नसे.

अशाच एका रित्या वर्षीं, १८२० सालीं, कर्नल बर्च नांवाचे निवृत्त लष्करी अधिकारी त्या घरीं गेले. ते ॲनिंग मंडळींचें जुनें गिऱ्हाईक होते. त्यांनीं पाहिलें तों भाडें भरण्यासाठीं घरांतील खुर्च्या-टेबलें विकण्याची तयारी चालली होती. जवळजवळ वर्षभरांत विकण्याजोगा एकही जीवाश्म हातीं लागला नव्हता. पदरचे चार पौंड देऊन त्यांना परत जातां आलें असतें; तेवढ्यानेंही लोकांनीं त्यांस उदार म्हटलें असतें. त्यांनीं निराळेंच केलें. स्वतःचा संग्रह लंडनला नेऊन त्यांनीं लिलावांत काढला. त्यांतील उत्तम नमुने बहुतेक ॲनिंग कुटुंबाकडूनच घेतलेले होते. लिलावाला परदेशचेही गिऱ्हाईक आलें आणि चारशें पौंडांच्या घरांत पैसे उभे राहिले. ते त्या कुटुंबाच्या साहाय्यासाठीं होते.

श्रोत्यांपैकीं ज्यांनीं लहानपणीं पोस्टाचीं तिकिटें किंवा जुनीं नाणीं जमविलीं असतील त्यांना या गोष्टीची किंमत कळेल. संग्राहकाला पैसे देणें जड जात नाहीं, वस्तु देणें जड जातें. एकेका नमुन्याशीं एकेक दिवस जडलेला असतो. तो कोठें सांपडला, कोणी सांगितला, थोडक्यासाठीं कसा हातचा जात होता, हें सारें त्या दगडांत असतें. कर्नलसाहेब या लिलावाविषयीं आपल्या एका स्नेह्याला लिहितांना अगदीं हिशेबी माणसासारखे लिहितात: शास्त्राच्या कामीं आलेल्या बहुतेक उत्तम वस्तु ज्यांनीं शोधल्या तींच माणसें विपन्नावस्थेंत आहेत, एवढेंच त्यांचें म्हणणें. दुसऱ्या कशासाठीं नाहीं तरी या एका कृत्यासाठीं त्यांचें नांव राहावयास हवें.

दुसरी मैत्री अगदीं निराळ्या तऱ्हेची. लंडनमधील फिल्पट घराण्यांतील तीन अविवाहित बहिणी १८०५ सालीं लाइमला येऊन राहिल्या होत्या. त्यांतील एलिझाबेथबाई मेरीहून जवळजवळ वीस वर्षांनीं वडील. एक वकिलाची सुखवस्तु बहीण, दुसरी टेबलावर दगड मांडणारी, त्यांतून राजमान्य चर्चबाहेरील पंथाची. त्या काळीं दोघींनीं बरोबर फिरावें हेंच नवल होतें. परंतु चिखलानें भरलेले परकर आवरीत या दोघी कड्याखालीं तासन् तास हिंडत. एलिझाबेथबाईंनीं मेरीला भूस्तरशास्त्राचीं पुस्तकें वाचावयास लावलें. मेरीचें शिक्षण तें काय, रविवारच्या शाळेंतील अक्षरओळख! पण पुढें ती विद्वानांचे निबंध मिळवून आकृत्यांसह हातानें उतरून काढूं लागली, आणि हाडांची रचना समजावी म्हणून ताजे मासे चिरून पाहूं लागली. गुरुपण आणि मैत्री यांची सीमा येथें कोठें पडते तें सांगणें कठीण आहे, कारण कड्याखालीं उतरल्यावर शिकविणारी मेरीच असे.

१८२६ च्या सुमारास मेरीला बेलेम्नाइट या प्राण्याच्या जीवाश्मांत एक सुकलेली पिशवी आढळली. आजचा माकूळ संकटसमयीं काळा रंग सोडतो, त्याच जातीची ती शाईची पिशवी होती. एलिझाबेथबाईंनीं तो कोट्यवधि वर्षांचा खडा कुटून पाण्यांत कालविला आणि काय आश्चर्य, चांगली तपकिरी शाई तयार झाली! ज्या समुद्रांत तो माकूळ पोहत होता त्याच समुद्रांतील इक्थिओसॉरची कवटी त्यांनीं त्याच्याच शाईनें रेखाटली व १८३३ सालीं ऑक्सफर्डच्या प्राध्यापक बकलंड यांच्या पत्नीला पत्रांतून धाडून दिली.

आतां विद्वानांकडे वळूं. बकलंड, कॉनिबेअर, डी ला बीच हे सारे मेरीबरोबर किनाऱ्यावर हिंडलेले. डी ला बीच तर किशोरवयापासूनचा सोबती; त्याचें उत्पन्न जमेकांतील उंसाच्या मळ्यांतून, म्हणजे गुलामांच्या घामांतून येई, हेंही येथेंच सांगून टाकलेलें बरें. हे सर्व लंडनच्या भूस्तरशास्त्र मंडळाचे सभासद. त्या मंडळांत स्त्रीला प्रवेश नव्हता. सभासद म्हणून नाहीं, पाहुणी म्हणूनही नाहीं.

याचा अर्थ काय होतो तें १८२४ सालीं दिसून आलें. मागील डिसेंबरांत मेरीनें प्लेसिओसॉर नांवाच्या जलचराचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा खणून काढला होता. त्याची मान इतकी लांब कीं, पॅरिसचे महापंडित क्युव्हिए यांना तें चित्र पाहून फसवणुकीचा संशय आला. दोन प्राण्यांचीं हाडें जोडलीं असावींत, असें त्यांचें मत पडलें. त्या शब्दाला युरोपांत केवढें वजन! संशय खरा ठरता तर त्या मुलीकडून पुन्हां कोणी दगड विकत घेतला नसता. फेब्रुवारींत लंडनला मंडळाची सभा भरली, सांगाडा निर्दोष ठरला, क्युव्हिएंनीं आपली चूक मान्य केली आणि कॉनिबेअरनीं विद्वत्तापूर्ण व्याख्यान दिलें. त्या व्याख्यानांत मेरी ॲनिंग हें नांव एकदांही आलें नाहीं. जिची अब्रू पणाला लागली होती ती दीडशें मैलांवर लाइमला होती.

या प्रकारांचा तिला राग येई, आणि तो यावयासच हवा होता. तिच्या ओळखीच्या एका तरुणीच्या रोजनिशींत तिचें गाऱ्हाणें नमूद आहे: पंडितांनीं आपली बुद्धि शोषून घेतली, ग्रंथ काढून स्वतः मोठे झाले आणि आपल्या वांट्यास कांहीं आलें नाहीं. हें ऐकून ती मंडळी सारीं ढोंगी होतीं असें म्हणावयाचा मोह होतो. पण पुढची हकीकत तसें म्हणूं देत नाहीं. याच बकलंडनीं इक्थिओसॉरच्या पोटांत आढळणाऱ्या खड्यांचें गूढ उलगडतांना मेरीच्या निरीक्षणाचा आधार घेतला व तसें सांगितलें. ते खडे म्हणजे त्या प्राण्याची अश्मीभूत विष्ठा होती. तिची मिळकत हातची गेली तेव्हां त्यांनींच खटपट करून १८३५ सालीं तिला पंचवीस पौंडांचें वर्षासन मिळवून दिलें. डी ला बीचनें १८३० सालीं एक चित्र काढलें. मेरीच्या हातोड्याखालीं आलेले सारे प्राणी त्यांत जिवंत होऊन एकमेकांच्या माना धरीत आहेत, आणि खालीं पडणारी विष्ठाही कलावंतानें सोडलेली नाहीं! त्याच्या छापील प्रती मित्रमंडळींत विकून आलेले पैसे मेरीला दिले. माणसें चांगलीं होतीं. मित्राला उपाशीं मरूं देणारीं नव्हतीं. शेजारची खुर्ची मात्र तिच्यासाठीं मोकळी करावी, हें त्यांच्या ध्यानींमनींही आलें नाहीं.

स्त्रियांनीं या बाबतींत अधिक मोकळें मन दाखविलें. भूस्तरशास्त्रज्ञ मर्चिसन यांची पत्नी शार्लट १८२५ सालीं लाइमला कांहीं आठवडे राहिली, ती मेरीच्या हाताखालीं जीवाश्म शोधावयास शिकण्यासाठीं. पुढें १८२९ सालीं मेरी लंडनला गेली ती त्यांच्याच घरीं. दोघींचा पत्रव्यवहार चाले. मेरीचा ट्रे नांवाचा काळापांढरा कुत्रा होता. नमुना सांपडला कीं ती हत्यारें आणावयास जाई आणि तो जागा राखीत बसे. १८३३ सालीं दरड कोसळली आणि तिच्या डोळ्यांदेखत, पायांशीं, तो गाडला गेला. कणभर अंतरानें ती वांचली. हें दुःख तिनें कळविलें तें शार्लटबाईंना. कोणत्याही मंडळाच्या दप्तरांत अशा पत्राला जागा नसते.

स्विस पंडित आगासिझ १८३४ सालीं आले. मेरी आणि एलिझाबेथबाई यांनीं त्यांना माशांच्या जीवाश्मांच्या चौतीस जाती दाखविल्या. त्यांनीं पुढें जातींना नांवें देतांना मेरीचें नांव दिलें, एलिझाबेथबाईंचेंही दिलें. परक्याला सुचलें तें घरच्यांना सुचावयास वेळ लागला. १८४४ सालीं सॅक्सनीचा राजा दुकानांत आला, तेव्हां त्याच्या वैद्याच्या वहींत मेरीनें आपलें नांव लिहून दिलें आणि साऱ्या युरोपांत आपणांस ओळखतात, असें खुशाल सांगितलें. थोडा अभिमान आहे खरा; पण तो कोणी उसना दिलेला नव्हता.

शेवटीं तिला स्तनाचा कर्करोग झाला. मंडळाच्या सभासदांनीं वर्गणी काढून तिच्या औषधपाण्याची सोय केली. १८४७ च्या मार्चमध्यें, सत्तेचाळिसाव्या वर्षीं, ती वारली. त्या वेळीं मंडळाचा अध्यक्ष योगायोगानें डी ला बीच होता. वार्षिक सभेंत दिवंगत सभासदांना श्रद्धांजलि वाहण्याचा प्रघात आहे. १८४८ च्या सभेंत त्यानें सभासद नसलेल्या, सभागृहाच्या दारांतून ज्यांना कधीं आंत घेतलें नव्हतें अशा एका बाईविषयीं भाषण केलें. मंडळाच्या इतिहासांत स्त्रीच्या मृत्यूची अशी नोंद पूर्वीं झाली नव्हती. पुढें १८५० सालीं सभासद व गांवचे धर्मोपदेशक यांच्या वर्गणींतून लाइमच्या चर्चमध्यें तिच्या स्मरणार्थ रंगीत कांचेची खिडकी बसली. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, आजाऱ्याची शुश्रूषा अशीं दयेचीं कृत्यें तिच्यावर चितारलेलीं आहेत. ज्यांनीं वर्गणी दिली त्यांच्या मनांत त्या वेळीं काय होतें, कोणास ठाऊक. स्त्रियांना मंडळाचें सभासदत्व मिळालें तें १९१९ सालीं.

एलिझाबेथबाई १८५७ सालीं वारल्या. तिघी बहिणींचा संग्रह आज ऑक्सफर्डच्या विद्यापीठीय संग्रहालयांत आहे. मेरीचें घर जेथें होतें त्या जागेवर आतां लाइमचें वस्तुसंग्रहालय उभें आहे. तेथून जवळच, १९ व्या शतकांत कोणाला न सुचलेला तिचा पुतळा, एका शाळकरी मुलीनें धरलेल्या हट्टावरून आणि लोकांच्या वर्गणींतून, २०२२ च्या मे महिन्यांत तिच्या वाढदिवशीं उभारला गेला. पुतळा बसलेल्या बाईचा नाहीं, समुद्राकडे निघालेल्या बाईचा आहे; आणि ट्रे बरोबर आहे.