टॉम होमन यांची बढती



फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या लष्करी विमानातून 104 भारतीयांना अमृतसरला आणून उतरवलं, प्रवासभर हातापायांत बेड्या घालून. त्यांत 3 जण महाराष्ट्रातले होते. ही मोहीम ज्यांच्या हाती होती ते टॉम होमन, ट्रम्प यांचे 'बॉर्डर झार'. त्यांच्या नोकरीबद्दल मला बोलायचंय.

'ट्रम्पचा माणूस' म्हटलं की आपण मोकळे होतो. पण होमन न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या गावात पोलीस होते आणि 1984 मध्ये सीमा गस्ती दलात शिरले. रेगन, क्लिंटन, बुश, सगळ्यांच्या हाताखाली पायरी-पायरीनं वर चढले. 2013 मध्ये हद्दपारीचा अख्खा विभाग त्यांच्याकडे दिला तो ओबामा सरकारनं. 2015 मध्ये मोठा सरकारी सन्मान दिला, तोही त्याच सरकारनं. मग 27 जानेवारी 2017 ला सात मुस्लिमबहुल देशांवर प्रवासबंदी आली, आणि तीनच दिवसांनी होमन 'आइस'चे, म्हणजे इमिग्रेशन अंमलबजावणी खात्याचे, प्रभारी प्रमुख झाले. आपलं लक्ष त्या बंदीवर होतं. खुर्चीत कोण बसलं ते कुणी पाहिलं नाही.

होमन एक आठवण वारंवार सांगतात. 2003 मध्ये टेक्सासात व्हिक्टोरियाजवळ एका बंद ट्रेलरमध्ये कोंडून 19 स्थलांतरित मेले. त्यांत पाच वर्षांचा एक मुलगा होता, वडिलांसोबत. त्या दृश्यानं आपण बदललो, असं ते म्हणतात. मला ते खोटं वाटत नाही. पण याच माणसानं 2014 मध्ये मुलांना आईबापांपासून वेगळं करण्याची कल्पना मांडली. धाक बसेल, लोक मुलांना घेऊन निघणारच नाहीत, म्हणून. तेव्हा ती नाकारली गेली. एप्रिल 2018 मध्ये मात्र त्याच दिशेनं जाणाऱ्या शिफारशीवर सही करणाऱ्या तिघांत होमन होते.

पुढचा भाग आमच्या धंद्यातला. नव्या धोरणात सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येक प्रौढावर फौजदारी खटला. मुलाला तुरुंगात ठेवता येत नाही, म्हणून ते आरोग्य खात्याच्या ताब्यात. दोन खाती, दोन सिस्टिम, आणि हे मूल कोणाचं ही नोंद एकीतून दुसरीत नीट जातच नव्हती. एल पासोत 2017 मध्ये आधी प्रयोग झाला होता, आणि ही त्रुटी तेव्हाच लक्षात आली होती. दुरुस्त न करताच देशभर लाइव्ह! मग कर्मचारी एक्सेलच्या तक्त्यांत आणि ईमेलमध्ये मुलांचा हिशेब ठेवत बसले. हे सरकारच्याच महानिरीक्षकांच्या अहवालात आहे. आमच्याकडे बिलाचा आणि ग्राहकाचा संबंध तुटला तर रात्री दोनला फोन येतो, हो. इथे पाच हजारांवर मुलं वेगळी केली गेली.

26 जून 2018 ला न्यायाधीश डेना सबरॉ यांनी आदेश दिला: पाच वर्षांखालची मुलं 14 दिवसांत परत द्या, बाकीची 30 दिवसांत. मग माणसं बसवून फायली चाळाव्या लागल्या. कित्येक आईबाप तोवर हद्दपार झाले होते, मुलं अमेरिकेतच.

होमन त्याच महिन्याच्या अखेरीस निवृत्त झाले, आणि 2025 मध्ये आणखी मोठ्या पदावर परतले. मधल्या काळात वकील आणि कार्यकर्ते ग्वाटेमालातल्या गावोगावी त्या आईबापांचा पत्ता विचारत फिरत होते.